नाणं की बिस्किट : सोनेतारणाच्या टेबलावरून

एका नागरी सहकारी बँकेच्या सोनेतारण खात्यात माझी सगळी नोकरी झाली. सांगली जिल्ह्यात मृगाचा पाऊस पडायच्या आत बी-बियाण्यासाठी सोनं आमच्याकडे यायचं आणि उसाचं बिल जमा झालं की सोडवून नेलं जायचं. शाळा-कॉलेजच्या फीसाठी यायचं, दवाखान्यासाठी यायचं. त्यामुळे सोनं विकत घेतानाच्या हौशेपेक्षा ते अडचणीत बाहेर काढतानाचे चेहरेच मी जास्त पाहिले. आता नात्यातली, ओळखीतली नोकरीला लागलेली मुलं-मुली विचारतात, "मावशी, पगारातून थोडं थोडं सोनं घ्यायचंय. दागिना नकोय. नाणं घेऊ की बिस्किट?" त्यांना जे सांगते तेच इथे क्रमानं लिहिते. भाव रोज बदलतो, म्हणून हिशेबापुरता दहा ग्रॅमला १ लाख रुपये असा सोपा आकडा धरला आहे.

१. आधी शुद्धता विचारा, आकार नंतर

बाजारातलं छोटं बिस्किट जवळजवळ नेहमीच २४ कॅरेटचं असतं. नाणं मात्र २४ कॅरेटचंही मिळतं आणि २२ कॅरेटचंही, आणि लक्ष्मीचा ठसा दोन्हींवर सारखाच देखणा उठतो. २२ कॅरेट म्हणजे हजार भागांत ९१६ भाग सोनं. दहा ग्रॅमच्या अशा नाण्यात शुद्ध सोनं ९.१६ ग्रॅम भरतं. त्याला २२ कॅरेटचा भाव लावला असेल तर तक्रार नाही; पण भाव कोणता लावला हे पावती होण्याआधी विचारायला हवं.

२४ कॅरेटमध्येही ९९९ आणि ९९५ असे दोन आकडे दिसतात. दहा ग्रॅममागे फरक ०.०४ ग्रॅमचा, म्हणजे आपल्या हिशेबात ४०० रुपयांचा. एवढ्यासाठी जीव टांगणीला लावू नका, पण दोन्ही एकाच भावात मिळत असतील तर ९९९ मागून घ्या.

घरात आजीच्या वेळची गिन्नी असेल तर तिचा हिशेब वेगळा. गिन्नी म्हणजे ब्रिटिश सॉव्हरिन, वजन ७.९८ ग्रॅम, सोनं २२ कॅरेट. १९१८ साली ती आपल्या मुंबईच्या टांकसाळीतही पाडली गेली. अशी गिन्नी मोडीत घालण्याआधी जुनी नाणी जमवणाऱ्या जाणकाराला एकदा दाखवा. वितळली की ती नुसतं २२ कॅरेट सोनं उरते.

२. भाव तोळ्याचा ऐका, हिशेब ग्रॅमचा मांडा

दुकानाबाहेरच्या फळ्यावरचा भाव आणि तुमच्या खिशातून जाणारे पैसे यांत दोन गोष्टी येतात : घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी. नाण्याला कसली आलीय घडणावळ, असं वाटतं. पण पत्रा काढणं, गोल कापणं, ठसा मारणं, तपासणं, पाकीटबंद करणं हा सगळा खर्च प्रत्येक नगामागे येतोच आणि तो गिऱ्हाइकाकडूनच घेतला जातो.

समजा, दहा ग्रॅमच्या एका बिस्किटावर १ टक्का घडणावळ लावली. १ लाखावर १ हजार, त्यावर ३ टक्के जीएसटी ३,०३० रुपये; एकूण १,०४,०३० रुपये. आता तेवढंच सोनं एकेक ग्रॅमच्या दहा नाण्यांत घेतलं आणि घडणावळ ५ टक्के पडली, तर १,०५,००० वर जीएसटी ३,१५० रुपये; एकूण १,०८,१५० रुपये. दुसऱ्याच दिवशी विकायला गेलात आणि सराफानं २ टक्के घट धरली, तर दोन्हींचे हातात ९८ हजारच येणार. म्हणजे भाव साधारण सव्वासहा टक्के वाढला की बिस्किटवाल्याचं मुद्दल निघतं. एकेक ग्रॅमवाल्याला त्यासाठी साडेदहा टक्क्यांच्या आसपास वाट पाहावी लागते.

टक्के दुकानागणिक बदलतील, मांडणी बदलणार नाही. घरी येऊन कागदावर एकच भागाकार करा : एकूण दिलेले पैसे भागिले शुद्ध सोन्याचे ग्रॅम. नाणं स्वस्त की बिस्किट, हे त्या दुकानापुरतं आणि त्या दिवसापुरतं तो भागाकारच सांगतो.

३. फार छोटं महाग पडतं, फार मोठं अडवतं

अर्ध्या किंवा एका ग्रॅमचा नग घ्यायला सोपा, म्हणून लोक तेच घेत राहतात. बारशाला, मुंजीला द्यायला ते उत्तम. पण गुंतवणूक म्हणून वर्षानुवर्षं एकेक ग्रॅम जमवणारा दर वेळी घडणावळ भरत असतो.

उलट टोकाला पन्नास किंवा शंभर ग्रॅमचं एकच बिस्किट. घडणावळ सगळ्यांत कमी, पण गरज चाळीस हजारांची असली तरी मोडावं लागतं अख्खं. बिस्किटाचा तुकडा कापून विकता येतो, पण कापलेल्या बिस्किटाचं सील गेलं, नंबर गेला; उरलेला भाग मोडीच्या भावात जातो.

नवशिक्यासाठी पाच आणि दहा ग्रॅम हे मधले नग मला बरे वाटतात. महिन्याला एक ग्रॅमचेच पैसे निघत असतील तर ते आवर्त खात्यात टाका आणि पाच ग्रॅमचे जमले की एकदम घ्या. मधल्या काळात भाव वाढेल ही धास्ती असतेच. तो कमी होण्याचीही शक्यता असते, पण ती कुणी मनात आणत नाही.

४. परत कोण घेणार, हे ठरवून मगच घ्या

बँकेतून घेतलेलं नाणं बँक परत घेत नाही. रिझर्व्ह बँकेनं बँकांना नाणी विकायची मुभा दिली, परत विकत घ्यायची नाही. आमच्या टेबलाशी येऊन किती जण हुज्जत घालायचे, "नाणं बँकेचंच आहे, मग बँक का घेत नाही?" नियम आहे, एवढंच उत्तर आम्हाला देता यायचं.

मग उरतो सराफ. तो स्वतःच्या पेढीचं नाणं सहसा बऱ्या भावात घेतो, दुसऱ्याचं असेल तर मोड म्हणून घेतो. काही दुकानं रोखीचं नावच काढत नाहीत, बदल्यात दागिना घ्या म्हणतात. तसं केलं की नव्या दागिन्याची घडणावळ आणि जीएसटी पुन्हा तुमच्याच माथी. म्हणून खरेदीच्याच दिवशी तीन प्रश्न विचारा. हाच नग परत आणला तर आजच्या भावातून किती टक्के कापाल? पैसे खात्यात जमा कराल की माल घ्यावा लागेल? पावती हरवली तर घ्याल का? तिन्ही प्रश्नांना सरळ उत्तर देणारं दुकान भावात थोडं महाग असलं तरी मी तिथेच जाईन.

बिस्किटाच्या बाबतीत इथे थोडा फायदा असतो. नामांकित शुद्धीकरण कारखान्याच्या शिक्क्याचं, सीलबंद बिस्किट सराफाला ओळखीचं असतं. लंडनच्या सराफा बाजाराची मान्यता असलेला भारतातला कारखाना एमएमटीसी-पँप. त्याच्या नगावर ९९९.९ शुद्धता कोरलेली असते. सरकारनंही नोव्हेंबर २०१५ मध्ये अशोकचक्र आणि गांधीजींची प्रतिमा असलेलं भारतीय सुवर्ण नाणं काढलं : ५ आणि १० ग्रॅमची नाणी आणि २० ग्रॅमची लगड, सगळी २४ कॅरेटची. अशा ओळखीच्या शिक्क्याच्या मालाला विकताना स्पष्टीकरण कमी द्यावं लागतं.

५. पाकीट फोडू नका

नव्या नाण्याला हात लावून पाहायचा मोह होतो. पूजेत ठेवायचं म्हणून प्लास्टिकचं पाकीट कापलं जातं, हळद-कुंकू लागतं, दुधाची आंघोळ होते. श्रद्धा आपल्या ठिकाणी. पाकिटासकट पूजा केली तरी लक्ष्मी रागवत नाही. त्या पाकिटावर वजन, शुद्धता आणि नगाचा क्रमांक छापलेला असतो, आणि बिस्किटावर कोरलेला क्रमांक त्याच्याशी जुळावा लागतो. पाकीट फुटलं की पुढचा माणूस तुमच्या शब्दावर विश्वास ठेवत नाही, पुन्हा तपासणी करतो आणि घट धरतो.

हॉलमार्कबद्दल एक गैरसमज काढून टाका. १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्यानं हॉलमार्क सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी क्रमांकाशिवाय विक्री बंद झाली. पण हा आदेश दागिने आणि सोन्याच्या वस्तूंसाठी काढलेला आहे. नाणी-बिस्किटांसाठी भारतीय मानक ब्यूरोची वेगळी व्यवस्था आहे : ९९९ आणि ९९५ शुद्धतेच्या मालासाठी ब्यूरो शुद्धीकरण कारखान्यांना आणि टांकसाळींना परवाना देतं. म्हणून पाकिटावर ब्यूरोचं चिन्ह आहे का, हे आपणच पाहायचं. एचयूआयडी असेल तर ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' ॲपवर तो क्रमांक टाकून दुकानातल्या दुकानात खात्री करता येते. त्याला दोन मिनिटं लागतात आणि चांगला सराफ त्याचा राग मानत नाही.

६. कसोटीचा दगड वरवरचंच सांगतो

आमच्याकडे दागिने तपासायला येणारे सराफ दगडावर रेघ ओढायचे, वर तेजाबाचा थेंब टाकायचे आणि रंग पाहून आकडा सांगायचे. आकडा क्वचितच चुकायचा. पण जाड नग आला की तेच म्हणायचे, "मॅडम, दगडाला वरचं सोनं कळतं, पोटातलं नाही." कॅरेट मोजायचं मशीनही वरचा पातळ थरच वाचतं. टंगस्टन धातूची घनता सोन्याच्या इतकी जवळ आहे (सोनं १९.३, टंगस्टन १९.२५) की वजन आणि माप दोन्ही जुळवून आत टंगस्टन भरता येतं.

मोठ्या, जाड लगडीत ही लबाडी परवडते. पाच-दहा ग्रॅमच्या पातळ नाण्यात किंवा पत्र्यासारख्या बिस्किटात ती करायला जागाही नाही आणि नफाही नाही. छोट्या नगाचा हा फायदा किमतीत दिसत नाही, पण तो खरा आहे.

शेवटचा शब्द आगीचाच. आमच्या जिल्ह्यातल्या विटा-खानापूर-आटपाडी पट्ट्यातली गलाई व्यवसायातली माणसं देशभरच्या सराफ बाजारांत सोनं गाळून देतात. त्यांच्या मुशीत गेलं की खरं-खोटं उरत नाही, पण नाणंही उरत नाही. ती वेळ येऊ नये म्हणून ओळखीचं दुकान, सीलबंद नग आणि पावती, ही तीन पथ्यं. प्रवासात भेटलेल्या माणसाकडून, "घाईत आहे, कमी भावात देतो" म्हणणाऱ्याकडून सोनं कधीच घेऊ नका.

७. गहाण ठेवायची वेळ येईल का, याचा आधी विचार करा

नाणं की बिस्किट या वादात हा मुद्दा फारसा कुणी मांडत नाही, आणि माझ्या मते तोच सगळ्यांत मोठा आहे. बिस्किटावर, लगडीवर बँकेनं कर्ज देऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. दागिन्यांवर देता येतं. नाण्यांवरही देता येतं, पण एका कर्जदाराची नाणी मिळून ५० ग्रॅमच्या आत हवीत, आणि पुष्कळ बँका फक्त बँकांनी विकलेलीच नाणी घेतात.

पेरणीच्या दिवसांत एक शेतकरी दादा वीस ग्रॅमचं कोरं बिस्किट घेऊन आले होते. शुद्ध, सीलबंद, पावतीसकट. त्यांच्या मागच्या बाईंच्या हातात झिजलेल्या पाटल्या होत्या. पाटल्यांवर अर्ध्या तासात कर्ज मंजूर झालं. दादांना बिस्किट घेऊन सराफ कट्ट्यावर जावं लागलं. त्यांना चार महिन्यांसाठी पैसे हवे होते, सोनं विकायचं नव्हतं. सोनं अस्सल होतं, पण नियमाच्या चौकटीत बसत नव्हतं.

म्हणून ज्याच्या घरी दागिने नाहीत आणि ज्याला हंगामी पैशाची गरज पडते, त्यानं सुरुवात नाण्यांनी करावी, आणि घेण्याआधी आपल्या बँकेच्या सोनेतारण खात्यात जाऊन कोणती नाणी चालतात ते विचारून यावं.

८. कायदा दागिन्याला घरचा मानतो, बिस्किटाला पाहुणा

आपल्या आज्या-पणज्यांनी सोनं अंगावरच का साठवलं, याला हौसेइतकंच कायद्याचंही कारण आहे. मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि नवा दागिना १४ कॅरेटच्या वर घडवायला बंदी झाली. पुढे १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्यानं सामान्य माणसाला लगडी-बिस्किटं बाळगणं मना केलं. तो कायदा १९९० साली रद्द झाला. म्हणजे सर्वसाधारण घरात बिस्किट राजरोस ठेवता येऊ लागलं, त्याला अजून दोन पिढ्याही झाल्या नाहीत.

कायद्याची ती नजर पुरती गेलेली नाही. प्राप्तिकर खात्याच्या झडतीत विवाहित स्त्रीचं ५०० ग्रॅम, अविवाहित स्त्रीचं २५० ग्रॅम आणि पुरुषाचं १०० ग्रॅमपर्यंतचं सोनं जप्त करू नये, अशी ११ मे १९९४ ची सूचना सगळ्यांना तोंडपाठ असते. ती सूचना दागिन्यांची आहे. नाणी-बिस्किटं त्यात नाहीत. दुबईहून येणाऱ्या भावाला "दोन बिस्किटं आण" सांगताना हेही लक्षात ठेवा, की प्रवाशाला सीमाशुल्कात मिळणारी सवलत दागिन्यांपुरती असते. नाण्या-बिस्किटांवर शुल्क भरावं लागतं, आणि न सांगता आणलं तर माल जप्त होऊ शकतो.

याचा अर्थ बिस्किट घेऊ नये असा नाही. बिस्किट घेणाऱ्यानं कागदपत्रं दागिनेवाल्यापेक्षा जास्त काटेकोर ठेवावीत, एवढाच.

९. पावती हाही सोन्याचाच भाग

"पावती नको असेल तर तीन टक्के वाचतील," हे वाक्य कानावर आलं की दुकानातून बाहेर पडा. वाचलेले तीन टक्के विकताना घटीत जातात आणि कराच्या वेळी तर मूळ किंमतच सिद्ध करता येत नाही.

२३ जुलै २०२४ पासून सोनं २४ महिन्यांहून जास्त ठेवून विकलं तर नफ्यावर १२.५ टक्के कर आहे, महागाईची वजावट नाही. २४ महिन्यांच्या आत विकलं तर नफा तुमच्या उत्पन्नात मिळवून तुमच्या टप्प्याप्रमाणे कर लागतो. नफा काढायला खरेदीची किंमत लागते आणि ती पावतीवरच असते. वारशानं किंवा आई-वडिलांकडून भेट म्हणून आलेल्या सोन्यालाही मूळ मालकाची खरेदीची किंमत आणि तारीख धरतात. म्हणून लेकीला नाणं देताना पावतीही द्या. दोन लाखांच्या वरच्या खरेदीला पॅन द्यावा लागतो, आणि दोन लाख किंवा जास्त रक्कम रोखीनं स्वीकारायला दुकानदाराला कायद्यानं मनाई आहे.

थर्मल कागदावरची पावती वर्षा-दोन वर्षांत कोरी होते. फोटो काढा, प्रत काढा आणि सोन्यापासून वेगळ्या जागी ठेवा.

१०. ठेवायच्या जागेचा खर्च भावात मिळवा

दागिना हरवला तर लग्नकार्यात लक्षात येतं. दहा ग्रॅमचं बिस्किट हरवलं तर वर्षभर पत्ता लागत नाही, कारण ते कुणी घालत नाही. आकारमान जेमतेम अर्धा घन सेंटीमीटर. जुन्या पासबुकाबरोबर रद्दीत जायला तेवढं पुरे.

लॉकर घेतलात तर त्याचं भाडं गुंतवणुकीच्या खर्चात धरा. थोडंसंच सोनं असेल तर नुसत्या त्यासाठी लॉकर परवडत नाही. १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची अफरातफर झाली तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत असते. भाडं दोन हजार असेल तर दोन लाख. आत सोनं किती, हे बँकेला ठाऊक नसतं आणि ती विचारतही नाही. लॉकरला वारस नोंदवा आणि नगांची यादी, क्रमांकांसह, घरातल्या एका तरी माणसाला माहीत असू द्या.

११. मुहूर्त पाळा, पण मुहूर्ताच्या गर्दीला भुलू नका

पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, दिवाळीचा पाडवा आणि मधूनमधून येणारं गुरुपुष्यामृत. या दिवशी गुंजभर का होईना सोनं घ्यायची आपली रीत गुंतवणुकीची शिस्त म्हणून फार चांगली आहे. जुन्या घरांत त्या दिवशी वेढणी घ्यायचे : चोख सोन्याची साधी वळलेली तार, नक्षी नाही, खडा नाही. नाण्या-बिस्किटाच्या आधीचं आपलं छोटं बिस्किट तेच. आजही पेढीवर मागितली तर मिळते. घडणावळ विचारून घ्या.

जाहिरातीतली "घडणावळीवर सूट" बहुधा दागिन्यांना असते. नाण्याला आहे का, ते वेगळं विचारा. आणि मुहूर्तावर भाव कमी असतो असं समजू नका. २३ जुलै २०२४ ला अर्थसंकल्पात आयात शुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आलं आणि भाव उतरला; त्या दिवशी कोणताही मुहूर्त नव्हता. आदल्या आठवड्यात सगळी पुंजी एकदम लावणारा हळहळला, थोडं थोडं घेणाऱ्याला फारसा फरक पडला नाही.

१२. परदेशातला सल्ला परदेशातच ठेवा

"नाणंच घ्यावं, करात फायदा होतो," असं मुलं इंग्रजीत वाचून येतात. ब्रिटनमध्ये ते खरं आहे. तिथे सॉव्हरिन आणि ब्रिटानिया ही नाणी कायदेशीर चलन असल्यानं त्यांच्या विक्रीच्या नफ्यावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, बिस्किटावर लागतो. लंडनला राहणाऱ्या आपल्या माणसांनी त्याचा जरूर विचार करावा. आपल्याकडे दुकानातलं नाणं चलन नसतं. त्याच्यावर आणि बिस्किटावर खरेदीचा जीएसटी तोच, विक्रीचा करही तोच.

१३. किती घ्यायचं, हेही ठरवा

सोनं व्याज देत नाही, लाभांश देत नाही. सप्टेंबर २०११ मध्ये जगाच्या बाजारात औंसाला १,९०० डॉलरच्या घरात गेलेलं सोनं डिसेंबर २०१५ मध्ये १,०५० डॉलरच्या आसपास आलं होतं. तेव्हा वरच्या भावात घेतलेल्यांनी बरीच वर्षं थांबायची तयारी ठेवली, म्हणून ते तरले. अडीअडचणीचा पैसा आधी बँकेत, विमा आधी, मग सोनं.

हातात धरायची ओढ नसेल तर २००७ पासून आपल्याकडे गोल्ड ईटीएफ आहेत. घडणावळ नाही, लॉकर नाही. मात्र डीमॅट खातं लागतं आणि फंडाचा वार्षिक खर्च असतो. सरकारी सुवर्ण रोखे चांगले होते, पण फेब्रुवारी २०२४ नंतर नवे निघालेले नाहीत. मोबाइलवर दहा-दहा रुपयांनी मिळणारं डिजिटल सोनं सेबीच्या नियंत्रणाखाली येत नाही, हे सेबीनंच सांगितलं आहे.

तर माझा निवाडा असा. घरात गहाण ठेवण्याजोगे दागिने असतील, तर नव्यानं घ्यायचं सोनं दहा ग्रॅमच्या सीलबंद ९९९ बिस्किटात घ्या. ग्रॅममागे ते सहसा स्वस्त पडतं. घरात दागिने नसतील, तर पहिलं ५० ग्रॅम सोनं आपल्या बँकेला चालणाऱ्या पाच-दहा ग्रॅमच्या नाण्यांत घ्या, पुढचं बिस्किटांत. एकेक ग्रॅमचे नग भेटीपुरते ठेवा. आणि पहिली खरेदी करण्याआधी एक दिवस सराफाकडे आणि एक दिवस आपल्या बँकेच्या सोनेतारण टेबलावर नुसतं विचारायला जा. विचारायला पैसे पडत नाहीत.